पॅनल उतरवणारा आधी निवडा

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं आहे. थोडं कापून देतो:

‘आमच्या बंगल्यावर ह्यांनी २०२१ साली सबसिडीच्या योजनेतून तीन किलोवॅटचं सोलर बसवून घेतलं. ३३५ वॉटचे नऊ पॅनल आहेत. हे होते तोवर रोज संध्याकाळी इन्व्हर्टरवरचे युनिट वहीत लिहायचे. ते गेल्यावर मी ती सवय चालू ठेवली आहे. दोन पावसाळे झाले, देवघर आणि जिन्यावरचा स्लॅब गळतो. वॉटरप्रूफिंगसाठी पॅनल काढून पुन्हा बसवावे लागतील, कारण स्ट्रक्चर बुटकं आहे, खाली माणूस शिरत नाही. ज्यांनी बसवलं त्यांचा फोन लागत नाही आणि दुकानही आता तिथे नाही. तीन जण येऊन गेले. वॉटरप्रूफिंगवाला म्हणतो, आमचीच पोरं उतरवतील आणि चढवतील, नऊ हजार द्या. दुसरा सोलरचंच काम करतो, तो एकोणीस हजार सांगतो, वर सामान लागेल ते वेगळं. तिसरा म्हणतो, जुने भंगारात घाला, नवीन बसवू, सरकार ७८ हजार देतंय. मुलगा पुण्याला असतो, तो म्हणतो सगळ्यात महागडा घे म्हणजे डोक्याला ताप नाही. मला यातलं काही कळत नाही. कोणाला काम द्यावं? आणि पॅनलखाली कबुतरांनी घरटी केली आहेत, त्यांचं काय करू?’

ताई, नमस्कार.

तिसऱ्याला आधी वाटेला लावू, तो सोपा आहे. पीएम सूर्यघर योजना खरी आहे, फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, आणि तीन किलोवॅट किंवा त्यापुढच्या घरगुती संचाला ७८ हजार मिळतात हेही खरं. पण त्याच योजनेत अट आहे की त्या घराने सोलरसाठी आधी दुसरी कुठली सबसिडी घेतलेली नसावी. तुमच्याकडे ती २०२१ मध्येच घेऊन झाली आहे. तेव्हा हा गृहस्थ जे पैसे दाखवतोय ते तुमच्या हाती पडायचे नाहीत. त्याला ही अट माहीत नसेल तर तो कच्चा, माहीत असून बोलला असेल तर लबाड. दोन्ही प्रकारच्या माणसाला गच्चीची किल्ली देऊ नये. शिवाय पॅनलला पाच वर्षं म्हणजे काहीच नाही. वीज देण्याची हमी कंपन्या सहसा २५ वर्षांची देतात. चांगली दुभती म्हैस कोणी खाटकाला देतं का?

राहिले दोघं. त्यांच्यात निवड करण्याआधी तुमच्या त्या वहीबद्दल बोलतो, कारण ‘मला काही कळत नाही’ असं लिहिणाऱ्या बाईंच्या घरात नेमकी तीच गोष्ट आहे जी बहुतेक सोलरवाल्या घरांत नसते. तीन किलोवॅटचा संच आपल्याकडे वर्षाच्या सरासरीने दिवसाला बारा युनिटच्या आसपास देतो. मार्च-एप्रिलमध्ये जास्त, आणि पावसाची झड लागली की चार-पाचावरही येतो. पण ही सरासरी झाली. तुमच्या गच्चीवर, तुमच्या टाकीच्या सावलीत, तुमचे नऊ पॅनल किती देतात हे फक्त त्या वहीत आहे. काम झाल्यावर ठेकेदार म्हणेल, ‘बघा, इन्व्हर्टर चालू झाला, हिरवा दिवा लागला.’ हिरवा दिवा आठ युनिटलाही लागतो आणि तेरा युनिटलाही. त्या दिवशी वही उघडून गेल्या वर्षीचे तेच पंधरा दिवस काढायचे आणि शेजारी नवीन आकडे लिहायचे. स्वच्छ उन्हाच्या दिवसांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त घट दिसली तर काम पुरं झालेलं नाही. ठेकेदाराला हे पहिल्याच भेटीत सांगा. वही समोर ठेवून सांगा.

आता मूळ मुद्दा. नऊ हजारवाल्याचं एक गृहीत दिसतं, की पॅनल बसवणं हे कसबाचं काम आणि उतरवणं ही हमाली. मला उलट वाटतं. नीट उतरवलेले पॅनल पुन्हा बसवणं फारसं अवघड नसतं. वाईट उतरवलेले पॅनल मात्र कोणी कितीही चांगले बसवले तरी पुढे त्रास देत राहतात.

आमच्या पिढीला वीज म्हटलं की एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची धुराडी दिसतात. वीज बाहेरून तारेने येते आणि मेन स्विच पाडला की जाते, हे हाडीमाशी बसलेलं. सोलरला ते लागू नाही. मेन पाडा, एमसीबी पाडा, महावितरणची लाइन गेलेली असू द्या, उजाडलं की पॅनल व्होल्टेज द्यायला लागतो. ढगाळ असलं तरीही. तुमचे नऊ पॅनल बहुधा एकापुढे एक असे माळेसारखे जोडलेले असतील. एकेकाचे ४५ व्होल्ट धरले तर माळेच्या दोन टोकांमध्ये ४०० व्होल्ट उभे असतात, आणि तेही डीसी. घरातली एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावरून जाते, त्यामुळे स्विचमध्ये पडलेली ठिणगी तिथल्या तिथे विझते. डीसी शून्यावर येतच नाही. करंट वाहत असताना कोणी कनेक्टर ओढून काढला तर दोन टोकांमध्ये निळसर ज्योत उभी राहते आणि प्लास्टिक वितळेपर्यंत हलत नाही. गच्चीच्या कडेला उभ्या असलेल्या पोराच्या हातात हे झालं तर तो दचकून मागे सरतो. कठडा किती उंच आहे तुमचा?

जाणकार माणूस उतरवायला आला की गच्चीवर जात नाही, आधी इन्व्हर्टरपाशी जातो. डिस्प्लेवरच्या आकड्यांचा मोबाइलमध्ये फोटो काढतो. मग एसीची बाजू बंद करतो, त्यानंतर डीसीचा आयसोलेटर, म्हणजे पॅनलकडून येणारी वीज तोडणारा स्विच, फिरवतो, आणि पाच-दहा मिनिटं नुसता थांबतो, कारण इन्व्हर्टरच्या पोटातल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. बघणाऱ्याला वाटतं हा वेळ काढतोय. मग वर जाऊन क्लॅम्प मीटरचा चिमटा केबलभोवती लावतो आणि करंट शून्य दिसल्यावरच खिशातून एक छोटा, दोन दातांचा प्लास्टिकचा पाना काढतो. त्या पान्याने कनेक्टरच्या दोन्ही बाजूंच्या पाकळ्या दाबल्या की टिक असा आवाज होतो आणि तो सुटतो. सुटल्याबरोबर दोन्ही तोंडांना टोपणं. टोपणं नसतील तर प्लास्टिकची पिशवी आणि टेप. तुम्ही जिन्याच्या दारातून एवढंच बघा: पाना वापरला का आणि टोपणं लावली का. बाकी काही बघितलं नाही तरी चालेल.

वॉटरप्रूफिंगवाल्याच्या पोरांची काही चूक नाही, त्यांना कोबा फोडता येतो आणि चांगला फोडता येतो. पण कनेक्टर निघत नाही म्हटल्यावर ती कटर लावतात. पुढचं सगळं रामायण तिथून सुरू होतं.

माझंच सांगतो, कारण विजेच्या कामात सगळी नोकरी काढून मी स्वतः गंडलो आहे. आमच्या गच्चीचा कठडा उंच करायचा होता. मी गावाला गेलो होतो आणि घरी एका ठेकेदाराने ‘आम्ही रोज करतो’ म्हणून पॅनल उतरवले, पंधरा दिवसांनी बसवलेही. दिवा हिरवा, युनिट ठीक. मग डिसेंबर आला. नाशिकची थंडी, पहाटे गच्ची दवाने ओली. रोज सकाळी इन्व्हर्टर लाल दिवा लावून बसायचा, दहा-साडेदहाला ऊन चढलं की आपोआप सुरू व्हायचा. मुलखाचा आळशी कारकून जणू. ठेकेदार म्हणाला, इन्व्हर्टर खराब झालाय, नवीन घ्या. शेवटी मी मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र, घेऊन वर गेलो आणि एकेक पॅनलखाली वाकून बघितलं. तिसऱ्या पॅनलच्या मागे केबल कापून जोडलेली होती. एक अर्धा कनेक्टर एका कंपनीचा, दुसरा अर्धा दुसऱ्याच कंपनीचा, आतली पिन पक्कडीने चेपलेली. शिवाय तो जोड लोखंडी पट्टीला टेकून लोंबत होता. रात्रभर दव मुरायचं आणि वीज त्यातून स्ट्रक्चरमध्ये पाझरायची. इन्व्हर्टर शहाणा होता, त्याने सुरू व्हायला नकार दिला. इन्व्हर्टर बदलला असता तर नव्यानेही तेच केलं असतं. अडीचशे रुपयांच्या कनेक्टरच्या जोडीने काम झालं. म्हणून सांगतो, दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत बसले तरी ते जुळले असं समजू नये, आणि कनेक्टरची पिन त्याच्याच क्रिम्पिंगच्या पान्याने दाबावी लागते. हे ज्याला सांगावं लागतं त्याला काम देऊ नये.

तेव्हा दुसरा, एकोणीस हजारवाला. तो मला बरा वाटतो, पण सोलरचं काम करतो एवढ्यावरून नाही. सोलर विकणारे पुष्कळ आहेत. विकणारा वेगळा, उघडून बघणारा वेगळा. तो तुमच्याकडे आला तेव्हा त्याने काय केलं ते आठवून बघा. गेटपाशी उभं राहून आकडा सांगितला की वर गेला? पॅनलच्या मागे वाकला का? जुनी कागदपत्रं, वायरिंगचा नकाशा मागितला का? गळती कुठे आहे हे विचारलं का? यातलं काहीच केलं नसेल तर त्याला पुन्हा बोलवा, चहा पाजा आणि विचारा, ‘उतरवायच्या आधी तुम्ही काय काय मोजणार?’ ज्याने हे काम केलं आहे तो लगेच बोलायला लागतो: माळेचं व्होल्टेज, प्रत्येक पॅनलचं वेगळं व्होल्टेज, मेगरने इन्सुलेशन, अर्थिंगचा रेझिस्टन्स. आकडे कागदावर मांडून सही करून देणार का, हे विचारा. जो आधी मोजत नाही तो नंतर सहज म्हणू शकतो की तुमचा हा पॅनल आधीपासूनच मेलेला होता.

कागदांचंही बघा. राज्य सरकारचा विद्युत ठेकेदाराचा परवाना हवा. त्यावर मुदत असते, ती तारीख वाचा. प्रत्यक्ष हात लावणाऱ्याकडे वायरमनचा परवाना हवा. सातपूरच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन होऊन निघालेली कितीतरी मुलं या धंद्यात आहेत आणि त्यांचा हात चांगला असतो. ‘सूर्यमित्र’ प्रमाणपत्र कोणाकडे असेल तर उत्तम, केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेने २०१५ पासून चालवलेला तो सोलरचाच खास अभ्यासक्रम आहे. पीएम सूर्यघरच्या पोर्टलवर नोंदलेल्या विक्रेत्यांची यादी असते, त्यात नाव आहे का तेही बघता येतं. पण ती यादी नवीन संच बसवणाऱ्यांची आहे. नाव असलं म्हणजे जुनं उतरवायची अक्कल आहे असं नव्हे, आणि नसलं म्हणजे माणूस टाकाऊ असंही नव्हे. परवाना मात्र हवाच, त्याला पर्याय नाही.

आणखी एक वाट आहे. तुमच्या इन्व्हर्टरच्या अंगावर स्टिकर आहे, त्यावर कंपनीच्या ग्राहक सेवेचा नंबर आणि सीरियल नंबर असेल. तिथे फोन करून विचारा, नाशिकमध्ये तुमची सर्व्हिस कोण बघतं. मूळ बसवणारा परागंदा झाला तरी इन्व्हर्टरची कंपनी सहसा जागेवर असते. तिच्याकडून एक-दोन नावं मिळाली तर तुमच्या एकोणीस हजारवाल्याशी तुलना करायला तिसरं खरं कोटेशन होईल. पॅनलच्या कंपनीलाही सीरियल नंबर देऊन मेल टाका की आम्ही उतरवून पुन्हा बसवतो आहोत, हमीसाठी काही अटी आहेत का. उत्तर आलं तर जपून ठेवा.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. तुमच्या पत्रात एक वाक्य नाही आणि मला ते हवं होतं: देवघराच्या बरोबर वर काय आहे?

खाली देवघरात ओल जिथे उतरते ती जागा भिंतीपासून टेपने मोजा, वर जाऊन तेवढंच अंतर मोजा. तिथे स्ट्रक्चरचा पाय आला तर आश्चर्य वाटू देऊ नका. त्या काळात, आणि आजही, घाईने काम उरकणारे कोब्यातून आरपार ड्रिल मारून स्लॅबमध्ये अँकर बोल्ट ठोकतात आणि वरून थोडं सिमेंट फासतात. बोल्टच्या कडेने पाणी कोब्याखाली शिरतं आणि तिथून वाट काढत कुठेही निघतं. हे तुमच्याकडे झालं असेल तर नुसतं वॉटरप्रूफिंग करून उपयोग नाही. पॅनल परत बसवताना त्याच पायांसाठी नवीन कोटिंगमध्ये पुन्हा भोकं पाडली जातील आणि पुढच्या जूनमध्ये दोन ठेकेदार तुमच्या जिन्यात उभे राहून एकमेकांकडे बोट दाखवतील. मी असले वाद बघितले आहेत. दोघंही आपापल्या परीने खरं बोलत असतात, आणि छत गळत असतं.

यावर उपाय जुनाच आहे, फक्त क्रम पाळावा लागतो. जिथे जिथे पाय येणार तिथे कोबा फोडून स्लॅबपर्यंत जायचं, जागा साफ करून तिथे काँक्रीटचा चौथरा ओतायचा, साधारण फूटभर लांब-रुंद-उंच, आणि ओततानाच त्यात बोल्ट उभे करायचे. चौथरा पक्का झाला की मग वॉटरप्रूफिंग. ते चौथऱ्याच्या चारही बाजूंनी वर चढवायचं, कोपऱ्यात गोलाई देऊन, जसं कठड्याला देतात तसं. म्हणजे बोल्ट पाण्याच्या वर राहतात आणि नवीन थराला कुठेही भोक पडत नाही. मग गच्चीतून पाणी जायची भोकं बंद करून दोन-तीन दिवस पाणी भरून ठेवायचं. देवघर कोरडं राहिलं तरच पॅनल वर चढवायचे. पाणी न भरता पॅनल चढवायला देऊ नका, मग मुहूर्त असो की ठेकेदाराला दुसरीकडे जायचं असो.

यात गंमत अशी की चौथऱ्यातले बोल्ट स्ट्रक्चरच्या पायाला नेमके बसायला हवेत. ते माप सोलरवाल्याकडे असतं, काँक्रीट दुसराच ओततो. म्हणून सोलरवाल्याची एक मधली फेरी लागते. बोल्टच्या मापाची लोखंडी पट्टी घेऊन यायचं आणि काँक्रीट ओलं असताना बोल्ट सरळ उभे आहेत का ते बघायचं. उतरवणं, मधली फेरी, बसवणं, अशा तीन फेऱ्या कोटेशनमध्ये लिहून घ्या. एकोणीस हजारवाल्याने मधल्या फेरीचा विषय स्वतःहून काढला असेल तर माझं मत आताच त्याला.

कोणी म्हणेल, चौथरे कशाला, सिमेंटचे तयार ठोकळे कोब्यावर ठेवू आणि त्यावर पाय बसवू, एकही भोक नको. दिसायला छान आहे. पण वारा पॅनलला दाबतो त्यापेक्षा खालून उचलतो, आणि आपल्या नाशिकसाठी इमारतींच्या मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलेला आहे, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. मे महिन्यातली वळवाची वावटळ बघितली असेलच तुम्ही. नुसत्या ठोकळ्यांच्या भरवशावर राहायचं तर वजनाचा हिशेब कोणीतरी करून दाखवायला हवा. तुमचा स्लॅब दोन पावसाळे भिजलाय, त्यामुळे चौथऱ्यांचं वजनही मनात असू द्या. घनफूट काँक्रीट ७० किलोच्या घरात जातं. पाय शक्यतो बीमवर किंवा खालच्या भिंतीवर येतील असे घ्यायला सांगा. खालून प्लॅस्टर फुगून सळई दिसत असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, मग बाकी सगळं.

उतरवलेले पॅनल ठेवायचे कुठे, हा प्रश्न सगळे शेवटच्या क्षणी सोडवतात. एकावर एक आडवे रचू नका, उभे ठेवा, मध्ये पुठ्ठे घाला, सावलीत, आणि खाली लाकडी पट्ट्या. एकेक दोन मीटर लांब आणि बावीस-तेवीस किलोचा आहे, दोन माणसांनी चौकटीला धरून उचलायचा. मागच्या केबलला धरून उचलताना कोणी दिसला तर ओरडा, तुम्ही शाळेत ओरडत होता तसं. आणि पॅनलवर पाय द्यायचा नाही, कोणीही, अनवाणीसुद्धा. काच फुटत नाही पण आतल्या सेलला केसासारखे तडे जातात, ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि वर्ष-दोन वर्षांनी युनिट उतरतात. प्रत्येकाच्या चौकटीवर मार्करने नंबर घालून घ्या आणि मागच्या बारकोडचा फोटो काढून मुलाला पाठवा. त्याला तेवढं काम पुण्यात बसून करता येईल, नऊ फोटोंची यादी.

एखादा फुटलाच तर? ३३५ वॉटचा तसाच पॅनल आता बाजारात सहज मिळत नाही, सगळीकडे पाचशे वॉटच्या वरचे आहेत. माळेत एक वेगळा पॅनल घातला की सगळ्यांचा करंट सगळ्यात कमीवाल्याच्या चालीने चालतो, शिवाय लांबी-रुंदी जुळत नाही. फुटला तर भरपाई कोणी, कशी करायची हे कागदावर आधी ठरवा. आठ पॅनलवर इन्व्हर्टर चालेल का हेही सोलरवाल्याने आधीच बघून सांगावं. बहुतेक चालतो, पण त्याच्या तोंडून येऊ द्या.

परत बसवताना हमखास विसरली जाणारी गोष्ट म्हणजे अर्थिंग. प्रत्येक पॅनलच्या चौकटीला एक हिरवी वायर किंवा तांब्याची छोटी जोडणी असते, काढताना ती निघते आणि लावताना ‘राहू दे’ होतं. तिच्याविना वीज व्यवस्थित तयार होते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. शॉक लागतो तेव्हा येतं. तसंच पडलेली वीज जमिनीत उतरवण्यासाठी लावलेल्या लाइटनिंग अरेस्टरची पट्टी. ती गच्चीवरून खाली खड्ड्यापर्यंत जाते आणि कोबा फोडणाऱ्यांच्या नेमकी आड येते, तेव्हा ती कापली जाते. काम झाल्यावर पॅनलच्या आणि अरेस्टरच्या, अर्थिंगच्या दोन्ही खड्ड्यांचं रीडिंग घ्यायला लावा, पाच ओहमच्या खाली असलं की समाधान मानायला हरकत नाही. गंजलेले नटबोल्ट परत वापरू देऊ नका, स्टेनलेसचे नवीन घ्या. एकोणीस हजारांच्या वर ‘सामान वेगळं’ म्हणतो ते बहुधा हेच. नट, बोल्ट, क्लॅम्प, कनेक्टर, अर्थिंगची वायर, एवढ्यांचे दर आताच लिहून मागा, नंतर नको.

आणि सगळं सुटं झालंच आहे तर टाकीची सावली बघून घ्या. डिसेंबरात भर दुपारीही आपल्याकडे सूर्य जेमतेम ४६-४७ अंशांवर असतो, म्हणजे टाकी जितकी उंच जवळजवळ तितकीच लांब तिची सावली, आणि सकाळ-संध्याकाळ कितीतरी जास्त. २०२१ नंतर शेजारी मजला चढला असेल तर तोही हिशेबात धरा. चौथरे ओतायच्या आधी दोन फूट इकडे-तिकडे सरकता येतं, नंतर नाही.

महावितरणचं फारसं अवघड नाही. तेवढेच पॅनल, तीच गच्ची, तोच इन्व्हर्टर, तर ग्राहक क्रमांक घालून उपविभागाच्या कार्यालयात एक साधं पत्र द्या की अमुक तारखेपासून संच बंद आहे, आणि पोच घ्या. क्षमता वाढवायची किंवा इन्व्हर्टर बदलायचा झाला तर मात्र नव्याने मंजुरी लागते. नेट मीटर, म्हणजे महावितरणला दिलेली आणि तिच्याकडून घेतलेली वीज मोजणारा मीटर, त्याच्या सीलला कोणालाही हात लावू देऊ नका. आणि एक हिशोबी गोष्ट: तुम्ही दिलेल्या आणि खात्यावर साठलेल्या जादा युनिटांचा हिशेब ३१ मार्चला मिटतो, उरलेल्यांना महावितरण देतं तो दर तुम्ही भरता त्या दरापेक्षा कमी असतो. थंडीत तुमच्या खात्यावर युनिट साठत असतील, बिलात बघा. काम फेब्रुवारी-मार्चमध्ये काढलंत तर संच बंद असताना तेच युनिट वापरले जातील. कोब्यालाही तो काळ चांगला, पाणी मारायला सोपा आणि ऊन अजून भाजत नाही.

पैसे तीन फेऱ्यांप्रमाणे तीन भागांत द्या. शेवटचा भाग, निदान पाच हजार, वहीतले पंधरा दिवस जुळल्यावर. वॉटरप्रूफिंगवाल्याचाही थोडा भाग पहिल्या मोठ्या पावसापर्यंत हातात ठेवा. त्याला पॅनलचे नऊ हजार नाकारताना वाईट वाटून घेऊ नका. त्याला सांगा, गच्ची रिकामी करून मिळेल, तुम्ही तुमचं काम करा. खरा कारागीर असेल तर त्याला हायसंच वाटेल. आणि मुलाला सांगा, महागडा माणूस शोधत बसू नको, मोजणारा शोधतो आहोत.

ता. क. कबुतरं. घरट्यात अंडी किंवा पिल्लं असतील तर ती उडून जाईपर्यंत थांबा, पिल्लं असतील तर तीन-चार, अंडी असतील तर सहा-सात आठवड्यांचा प्रश्न आहे, एवीतेवी तारीख ठरायला तेवढे दिवस जाणारच. पॅनल उतरले की मागची विष्ठा खरवडू नका, आधी पाणी मारून भिजवा आणि नाका-तोंडाला फडकं बांधा, त्या कोरड्या धुळीने फुप्फुसं बिघडतात. परत बसवल्यावर चौकटीच्या कडेने जाळी लावून घ्या, पण पॅनलला भोक पाडून नाही, क्लिपांनी. आणि खालून वारा खेळता राहू द्या, पॅनल तापला की युनिट कमी होतात.